सर्वांनी काठीकडे पाहावे

३ ऑक्टोबर

आज शहराच्या वाद्यवृंदाचा व्यवस्थापक म्हणून रुजू झालो. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून ही मला रोज एकच सांगत होती, की दहा ते पाच कुठेतरी जाऊन बसा, मग काम काहीही असो. काही ना काही मिळालं.

अध्यक्षबाईंनी मुलाखतीत विचारलं, "संगीतातलं काही कळतं का तुम्हाला?" मी खरं ते सांगितलं. "उत्तम," त्या म्हणाल्या. "आधीच्यांना कळायचं. ते तालमीला बसून डोळे पुसायचे आणि पत्रांना उत्तरं कोणीच द्यायचं नाही."

कार्यालय सभागृहाच्या जिन्याखाली आहे. वरून कोणी गेलं की टेबलावर बारीक माती पडते. कोपऱ्यात पितळेचा एक अवाढव्य भोंगा आहे, त्याला सध्या वादक नाही. आधीच्या व्यवस्थापकांनी त्यात छत्री ठेवली होती. मीही ठेवली.

वादक साठेक असतील. पगारी थोडे, बाकीचे दिवसा आपापलं काम करतात. ट्रम्पेटवाले दातांचे डॉक्टर आहेत. नगारेवाल्यांचं टायरचं दुकान आहे. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. दर महिन्याला सभागृहात एक मोठा कार्यक्रम, आणि मधल्या दिवसांत शाळा, इस्पितळ, जे बोलावतील ते. समोर उभा राहून हातातल्या काठीने हा सगळा कारभार चालवणारे जे दिग्दर्शक, त्यांना गावात मोठे सर म्हणतात. ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरला. भला माणूस वाटला.

६ ऑक्टोबर

पहिली तालीम पाहिली. संगीताबद्दल मत नाही. प्रशासनाबद्दल आहे.

मोठे सर मधोमध चौथऱ्यावर उभे राहतात. त्यांच्या डाव्या हाताला पहिल्या खुर्चीवर व्हायोलिन घेऊन त्यांची सून बसते. सरांचा मुलगा जहाजावर नोकरीला असतो, त्यामुळे घरात सासरे आणि सून दोघंच. सगळे तिला सूनबाई म्हणतात, तिच्याहून मोठेही आणि लहानही.

सर काठी हलवतात, पण वादक काठीकडे बघत नाहीत. सूनबाईंकडे बघतात. त्यांनी मान खाली केली की सुरू, खांदा वळवला की बंद. सरांची काठी कधी पुढे असते, कधी मागे, कोणाला फिकीर नाही.

आमच्या खात्यात कर्मचारी साहेबांना सोडून हेडक्लार्कच्या तोंडाकडे बघायला लागले की त्याला गटबाजी म्हणत. इथे तर घरातलीच गटबाजी दिसते.

९ ऑक्टोबर

परिपत्रक काढलं. 'वादनाच्या वेळी सर्वांनी काठीकडे पाहावे. इतरत्र पाहू नये.' दारावर लावलं.

दंतवैद्य वाचून आत आले. म्हणाले, "साहेब, आम्ही दोघांकडेही बघतो."

"एका वेळी?"

"सवय झालीय," ते म्हणाले. जाताना मला डाव्या बाजूची दाढ एकदा दाखवून घ्या म्हणाले. मी न विचारता. ही माणसं विषय बदलण्यात पटाईत आहेत.

२१ ऑक्टोबर

प्राथमिक शाळेत कार्यक्रम. चांगला झाला. मोठ्या सरांनी मुलांना शिंग कसं वाजतं ते सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि इंजिनाची शिट्टी ऐकून सर सूर ओळखायला शिकले, अशी मजेदार गोष्ट. मुलं खूप हसली. मग सरांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, जशीच्या तशी. मुलं पुन्हा तितकीच हसली. मुख्याध्यापिकाही हसल्या.

पुनरावृत्तीने विषय पक्का होतो. हे सरांना कळतं. त्यांच्यात शिक्षक आहे.

१२ नोव्हेंबर

इस्पितळातला कार्यक्रम. याची नोंद सविस्तर करतो, कारण खुलासा मागवावा लागणार आहे.

खालच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत रुग्णांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. छापील पत्रिकेप्रमाणे सुरुवातीला एक संथ तुकडा होता. वादकांसमोर त्याचेच कागद होते, मी स्वतः वाटले होते. सरांनी काठी उचलली आणि हात भलत्याच लयीत फिरवला. एक दोन तीन, एक दोन तीन, नाचाची लय. क्षणभर कोणी वाजवलं नाही. सूनबाईंनी मान मागे वळवून काहीतरी पुटपुटलं, व्हायोलिन उचललं, आणि साठ माणसांनी समोरच्या कागदावर नसलेली चीज अथपासून इतिपर्यंत वाजवली. कोणीही पान उलटलं नाही. पानं दुसऱ्याच गोष्टीची होती.

एक म्हातारे रुग्ण परिचारिकेला घेऊन नाचले. त्यांना उठायची परवानगी नव्हती असं नंतर कळलं.

परतताना सूनबाईंना विचारलं, "हा बदल कोणाच्या सांगण्यावरून?"

"बाबांना तेव्हा ते हवं होतं."

"कार्यक्रम सर ठरवतात की तुम्ही?"

"तेच ठरवतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ते वाजवलं."

उत्तर उडवाउडवीचं आहे.

१३ नोव्हेंबर

जेवताना हिला सगळं सांगितलं. म्हणालो, बिचाऱ्या सासऱ्याला ती सून चौथऱ्यावर नुसतं शोभेला उभं करते. ही म्हणाली, "ते सर कसे आहेत हल्ली?"

"ठणठणीत. विनोदी आहेत. मी दिसलो की दर वेळी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारतात, 'आपण कोण?' मी पण सांगतो, व्यवस्थापक. मग म्हणतात, 'आधीचे संगीतप्रेमी होते. तुम्ही?' मी म्हणतो, नाही. 'बरं झालं,' म्हणतात. रोज. न चुकता."

हिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. ही गप्प बसली की माझा मुद्दा पटला असं मी धरतो.

२८ नोव्हेंबर

निर्णय घेतला. बैठकव्यवस्था ठरवणं व्यवस्थापकाच्या अखत्यारीत येतं, नियमावलीत स्पष्ट आहे. डिसेंबरच्या कार्यक्रमापासून सूनबाईंची खुर्ची शेवटच्या रांगेत. पहिल्या खुर्चीवर दुसऱ्या रांगेत व्हायोलिन वाजवणारे हिशेबनीस बसतील. ते निरुपद्रवी आहेत.

सूनबाई कार्यालयात आल्या. दार लावून घेतलं. "एकदा विचार करा," म्हणाल्या.

"विचार करूनच केलंय. सरांचा मान सरांना मिळाला पाहिजे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या. जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरलं, टेबलावर माती पडली, ती त्यांनी हाताने पुसली. "मी मागे बसले तर त्यांना दिसणार नाही," एवढंच म्हणाल्या.

मी म्हणालो, "तोच उद्देश आहे."

८ डिसेंबर

जे झालं ते क्रमाने लिहितो. 

सभागृह भरलं होतं. ही तिसऱ्या रांगेत होती. पहिला तुकडा ठीक गेला, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्याच्या मधोमध सरांची काठी वर गेली आणि तिथेच राहिली. वादक थोडा वेळ वाजवत राहिले. मग डावी बाजू एकीकडे, उजवी दुसरीकडे. मुख्य जलवाहिनी फुटते तेव्हा आधी दाब जातो आणि मग आवाज येतो. तसंच झालं. पाठीमागून नगारे दोनदा वाजले आणि थांबले. हिशेबनीस सरांकडे बघत होते. माझ्या परिपत्रकाप्रमाणे सगळेच सरांकडे बघत होते.

सरांनी काठी खाली केली. पहिल्या खुर्चीकडे बघितलं. हिशेबनीसांना अतिशय सौजन्याने विचारलं, "माफ करा, इथे आमच्या सूनबाई बसतात. तुम्ही त्यांना कुठे पाहिलंत का?"

सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं. 

सूनबाई शेवटच्या रांगेतून उठल्या. व्हायोलिन छातीशी धरून खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या. "इथे आहे, बाबा." हिशेबनीस कधीच उठून उभे होते. त्या बसल्या. सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला, प्रवासात हरवलेलं माणूस फलाटावर सापडल्यासारखा. "मग करूया का?" ते म्हणाले. आणि पहिल्यापासून केलं.

शेवटी टाळ्या नेहमीसारख्याच झाल्या. मला वाटलं, सर माझ्यावर संतापले असणार आणि संताप दाखवायची ही त्यांची रीत असणार. सूनबाईंना मागचं आवरायचं होतं म्हणून सरांना घरी सोडायचं माझ्याकडे आलं. मला बरंच वाटलं, माफी मागता येईल.

सरांनी रस्ता सांगितला. डावीकडे, मग पुलावरून, मग निळ्या फाटकापाशी. एका तरुण जोडप्याने दार उघडलं. मला वाटलं भाडेकरू असतील. "या सर," तो तरुण म्हणाला. त्याच्या बायकोने काही न विचारता चहा टाकला. सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "बसा ना. घर आपलंच आहे."

तो तरुण मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. हळूच म्हणाला, "तुम्ही नवे दिसता. आम्ही हे घर त्यांच्याकडूनच घेतलं. आठवड्यातून एखादवेळी येतात. चहा घेतात, खिडकीतून बघतात. मग आम्ही सूनबाईंना फोन करतो." त्याच्या बायकोने विचारलं, "आज कार्यक्रम बरा झाला ना? हल्ली त्यांना त्रास होतो."

मी चहा घेतला. साखर नव्हती. सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आपण कोण?"

तो विनोद नव्हता. एकदाही नव्हता.

९ डिसेंबर

सकाळी एकही तक्रार आली नाही. दिवसभर टेलिफोनजवळ बसलो. पाणी अर्धा तास उशिरा आलं तर आमच्याकडे रांग लागायची. इथे भर कार्यक्रमात सगळं कोसळलं आणि साऱ्या गावात एकालाही बोलावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी सूनबाईंकडे गेलो. त्या वाद्याला तार चढवत होत्या. सर आत झोपले होते.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"अध्यक्षबाई म्हणाल्या, नवे व्यवस्थापक नियमाचे आहेत. हे नियमात कुठे बसणार?"

"कोणाकोणाला माहीत आहे?"

त्यांनी तार पिळली, कान लावला, पुन्हा पिळली. "तुम्हाला सोडून?"

मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षं होत आली. घरात सरांना न्हाणीघराचं दार सापडत नाही. मुलाचा फोन आला की कोणाशी बोलतोय ते कळत नाही. चौथऱ्यावर चढले की बहुतेक वेळा सगळं परत येतं. कधी दुसरंच काहीतरी येतं, मग वादक ते वाजवतात, कारण इतक्या वर्षांत सगळं सरांनीच बसवून घेतलेलं आहे. "मी काही चालवत नाही," सूनबाई म्हणाल्या. "ते कुठे आहेत ते मला आधी कळतं. मी बाकीच्यांना सांगते, एवढंच."

मी म्हणालो, "मला वाटलं तुम्ही त्यांना बाजूला सारताय."

"माहीत आहे मला. परिपत्रक वाचलं."

त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन हिला विचारलं, तुला माहीत होतं का. "तुम्ही 'आपण कोण'चं सांगितलंत तेव्हा कळलं," ही म्हणाली. "मला वाटलं, तुम्हालाही कळेल दोन दिवसांत."

१० डिसेंबर

दारावरचं परिपत्रक काढलं. चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही निघाला.

अध्यक्षबाईंकडे गेलो. नियमावलीप्रमाणे दिग्दर्शकाच्या प्रकृतीबद्दल व्यवस्थापकाने त्यांना कळवणं बंधनकारक आहे. मी घसा साफ केला. "मोठ्या सरांच्या प्रकृतीसंबंधी."

"मला सांगू नका," त्या म्हणाल्या.

"पण कळवणं..."

"तुम्ही कळवलंत तर मला करावं लागेल."

"काय?"

"जे मला करायचं नाही ते." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "हवा कशी आहे बाहेर?"

हवेबद्दल मी जे काही होतं ते सांगितलं.

१९ जानेवारी

यंदापासून पत्रिकेवर तुकड्यांचा क्रम छापायचा नाही असं ठरवलं. 'क्रम आयत्या वेळी ठरेल' असं छापलं. छापखान्यातल्या माणसाने वाचून बघितलं आणि म्हणाला, "सरांसाठी का?" मी म्हणालो, आधुनिक पद्धत आहे. "हो हो," तो म्हणाला.

सगळ्या तुकड्यांचे कागद आता प्रत्येकाच्या खुर्चीखाली ठेवतो. दंतवैद्य म्हणाले, गरज पडत नाही, पण तुम्ही ठेवता तर बरं वाटतं. दाढ दाखवून आलो. खरंच किडली होती.

२ फेब्रुवारी

तालमीनंतर सरांना मीच घरी सोडतो. सूनबाईंना तेवढीच उसंत. कधी ते सांगतात तिकडे, निळ्या फाटकाकडे जातो. त्या जोडप्याने माझ्यासाठी साखरेचा डबा वर काढून ठेवलाय.

आज सरांनी विचारलं, "आपण कोण?" म्हणालो, व्यवस्थापक. "आधीचे संगीतप्रेमी होते. तुम्ही?"

उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. "नाही," म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले.

२४ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला, पण वाईट. काठी तीन वेळा थांबली. तिसऱ्या वेळी सरांना सूनबाईही सापडल्या नाहीत, समोर असून. नगारेवाल्यांनी हळूच ताल धरला आणि त्यावरून ते परत आले. नंतर नगारेवाले मागच्या पायऱ्यांवर बसून होते. एवढा दांडगा माणूस, टायर एका हाताने उचलतो. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "माझा पाय दुखतोय, जरा बसतो."

मी पण बसलो.

३ मार्च

सूनबाई आल्या. म्हणाल्या, "मार्चचा शेवटचा. आता त्यांना चौथऱ्यावर भीती वाटायला लागलीय. मला खालून दिसतं. आत्तापर्यंत वाटत नव्हती, म्हणून चालवलं."

"त्यांना सांगितलंत?"

"तीनदा. तिन्ही वेळा म्हणाले, बरं झालं, थकलोय मी."

त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही. माझा दिला. छत्री पडू नये म्हणून भोंग्यात कोंबलेला होता, पण धुतलेला होता.

२२ मार्च

हंगामाचा शेवटचा कार्यक्रम.

उत्तरार्धात एक मोठी सिम्फनी होती. तिचे चार भाग असतात आणि ते मिळून एक धरायचं, हे एव्हाना मलाही कळतं. दुसरा भाग अगदी संथ. मी पडद्याआड सरांचा कोट घेऊन उभा होतो. तिथून सूनबाईंचा चेहरा दिसत होता आणि सरांची पाठ. काठी कुठे अडली नाही. सर त्यात पुरते बुडाले होते. ही समोर प्रेक्षकांत कुठेतरी बसून बघत होती.

दुसरा भाग संपला. सरांनी काठी हळूच स्टँडवर ठेवली, बाजूला सरकवली, आणि लोकांकडे वळून वाकले.

अजून दोन भाग बाकी होते. वादकांचे हात वाद्यांवर होते. सगळ्यांना माहीत होतं, लोकांनाही माहीत होतं. सर वाकून उभे होते आणि सभागृह गप्प होतं. आमच्या खात्यात असं काही झालं असतं तर मी पुढे होऊन नम्रपणे निदर्शनास आणून दिलं असतं.

पहिल्या रांगेत अध्यक्षबाई उठल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग दुसरी रांग, तिसरी, वरची गॅलरी. सगळे उभे राहिले. वादकही उठले. सरांनी सूनबाईंचा हात हातात घेतला, मग नगारेवाल्यांकडे बोट दाखवून त्यांना वाकायला लावलं, मग दंतवैद्यांना, एकेकाला. कोणालाही विसरले नाहीत. नावं घेतली नाहीत, पण विसरले नाहीत.

आत आले. घामाने ओले झाले होते. मी कोट चढवला. म्हणाले, "झालं ना सगळं?"

"झालं, सर."

मागच्या दाराने निघालो. दार अर्धं उघडलं होतं तेवढ्यात आत टाळ्या थांबल्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले, मोठा जमाव पुन्हा खाली बसतो तसे. आणि तिसरा भाग सुरू झाला. चौथरा रिकामा असणार. सूनबाई खुर्चीतूनच सांगत असणार.

सर उंबरठ्यावर थांबले. "कोणाची तालीम चाललीय?"

"आपल्याच लोकांची."

दार आपोआप मिटत होतं. मी मध्ये पाय घालून ठेवला. सर भिंतीला टेकले, दोन्ही हात कोटाच्या खिशात. ऐकत राहिले. तिसरा भाग ऐकला, चौथा ऐकला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण काढता येत नव्हता. मला त्या संगीतात काय आहे ते सांगता येणार नाही. शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम एका ठिकाणी येऊन पोचली, एवढं मलाही समजलं.

संपलं. सरांनी खिशातून हात काढले. मग म्हणाले, "चांगलं बसवलंय. कोणी बसवलं?"

"तुम्ही, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मी कोण हे न विचारता. मग दाराकडे बघितलं.

"असेल," ते म्हणाले. "वाजवतात मात्र छान."

मी पाय काढला. दार मिटलं. त्यांचा हात धरून पायऱ्या उतरलो आणि घरी सोडलं, त्यांच्या खऱ्या घरी, कारण आज त्यांनी तिकडचाच रस्ता सांगितला.